खाणीच्या माळावरचा चकवा

सरका जरा जवळ. ती बॅटरी विझवा, गोष्टीला उजेड लागत नाही. हां. आता ऐका.

आपल्या बाळू मासाळाची धाकटी, कांचन. तुम्ही तेव्हा पाळण्यात होता. काटक पोरगी, पाय हे असे लांब. हायस्कूलला असल्यापासून पळायची. आणि पळणं म्हणजे उगं झटक्यात जाऊन आलं, तसलं नव्हे. लांब पल्ल्याचं. माणसं बसची वाट बघत उभी असायची आणि ही पळत तालुक्याला पोचायची. बारावी झाली आणि साताऱ्याच्या एका कॉलेजातनं बोलावणं आलं, निवडीची शर्यत आहे, ये म्हणून. त्यात नंबर लागला की कॉलेजही झालं आणि होस्टेलही.

पण एक होतं. कांचन एकटी कधी पळालीच नव्हती. बरोबर कायम गुरवांची वृषाली. शाळेत एक बाक, रस्त्यावर एक चाल. कॉलेजला जायचं तर जोडीनं, असं दोघींनी ठरवून ठेवलेलं. आणि परीक्षा संपते न संपते तोच वृषालीचं लग्न झालं. स्थळ चांगलं आलं, घरच्यांनी उरकून टाकलं. पोरीला कोण विचारतंय? गेली ती सासरी, पार नदीपल्याड.

तेव्हापासून कांचनचं पळणं बिघडलं बघा. पाय चालायचे, पण कान मागं लागलेले. वळण आलं की मान आपोआप डावीकडं जायची. वृषाली डावीकडनं पळायची ना.

तर त्या दिवशीचं ऐका. दिवसभर शेरडांमागं हिंडून झालं, दिवस मावळला, आणि पोरीनं बूट चढवले. रोज ती डांबरी रस्त्यानं फाट्यापर्यंत जायची. त्या रात्री रस्त्यावर वरात. बँड, ट्रॅक्टरवर नवरानवरी, पुढं नाचणारी पोरं. कांचन थांबली. त्या नवरीकडं तिला बघवेना. वळली, आणि उजव्या हाताची पायवाट धरली. खाणीच्या माळाची.

त्या वाटेनं दिवसासुद्धा कोण जात नाही. मधोमध जुनी दगडाची खाण, पाण्यानं भरलेली, तळ कुणी बघितलेला नाही. आणि माळावर चकवा. चकवा म्हणजे काय, माहीत आहे ना? तो दिसत नाही. मारत नाही, ओरबाडत नाही. वाट चुकवतो. गोल गोल फिरवतो, माणूस दमून पडेस्तोवर.

पळायला लागली कांचन. चांदणं होतं, वाट दिसत होती. थोडं गेली आणि मागं पावलं वाजली. थप थप, थप थप. वळून बघितलं, कुणी नाही. पुन्हा पळाली. पुन्हा पावलं. आता जवळ. आता डाव्या अंगाला. आणि चाल कशी? हिच्या चालीला चाल. पोरीच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. ती चाल तिच्या ओळखीची होती.

"खांदे सोड की गं, किती आवळतीस," आवाज आला.

वृषालीचा आवाज.

आता तुम्ही म्हणाल, बोंब मारून पळायचं गावाकडं. अहो, कशाची बोंब! पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खांदे सोडले तिनं. श्वास मोकळा झाला. आणि अशी पळाली, अशी पळाली, की जन्मात तशी पळाली नव्हती. पाय जमिनीला लागतायत का नाही, कळेना. डावीकडं पावलं, उजवीकडं चांदणं. माळ संपूच नये असं वाटत होतं तिला.

आणि संपेचना तो.

एक वाकडी बाभळ मागं गेली. थोड्या वेळानं पुन्हा तीच बाभळ. पुन्हा पळाली, पुन्हा बाभळ. पुढं मग दिवे दिसायला लागले. मोठं मैदान, चुन्याच्या पांढऱ्या रेघा, झेंडे. आवाज म्हणाला, ते बघ कॉलेज, आलंच आता, दोघी बरोबरच आत जाऊ. कांचन धावतेय, मैदान तेवढंच लांब. धावतेय, तेवढंच लांब.

मग पोरीनं विचारलं, "सासरी कसं आहे गं तुझं?"

उत्तर नाही. नुसती पावलं.

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, एवढं पळून शेजारी धाप ऐकू येत नाही. श्वास एकच चाललाय, आपला.

आता नीट ऐका. तिला कळलं. चकवा आहे, हे लख्ख कळलं. आणि कळूनसुद्धा ती पळत राहिली. आणखी एक फेरी. आणखी एक. कारण थांबलं की तो आवाज जाणार. खरी वृषाली तर नदीपल्याड होती, ही निदान डाव्या अंगाला होती.

पाय भरून आले. फेरी लहान लहान होत चालली. तोंडात रक्ताची चव आली. आणि आवाज हळूच म्हणाला, "कॉलेज कशाला आता? इथंच पळू की आपण दोघी."

तिथं पोरगी चरकली. वृषाली असं बोललीच नसती. एकदा अंगात ताप होता म्हणून कांचननं शर्यत सोडायची म्हटलं, तर हीच वृषाली तिच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

चकव्यावर उपाय आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आहे तिथं खाली बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. सोपा उपाय. पण पळणाऱ्या माणसाला, आणि असा आवाज शेजारी असताना? दात आवळून बसली कांचन. मांडी घालून मातीत बसली.

मग बघा काय झालं. पावलं तिच्याभोवती फिरायला लागली. धूळ तोंडावर उडाली. आवाज रागावला, मग हसला, मग रडायला लागला. "मला एकटीला टाकतीस होय गं?" पोरीनं दोन्ही मुठींत गवत धरलं. बोलली नाही. उठली नाही. रडली मात्र, पोटभर. पावलं लांब गेली. आणखी लांब. मग माळ नुसता माळ राहिला.

तांबडं फुटलं तेव्हा बाप हुडकत आला आणि लांबूनच जागच्या जागी थिजला. पोरगी खाणीच्या काठावर बसलेली. पाय पसरले असते तर टाचा पाण्यावर आल्या असत्या. आणि सगळ्या खाणीभोवती धूळ तुडवून रिंगण झालेलं. त्यात पावलं एकाच माणसाची.

सुजल्या पायांनी गेली ती साताऱ्याला. निवडलेल्यांत अगदी शेवटी नाव आलं, पण आलं. आणि कॉलेजला जायच्या आधी ती नदी ओलांडून वृषालीकडं गेली. चुलीपुढं बसून सगळं सांगितलं. वृषाली भाकरी थापत ऐकत होती. तव्यावरची भाकरी उलटली, आणि मग एवढंच विचारलं तिनं.

"मी मागं पडले नव्हते ना?"

"नाही गं," कांचन म्हणाली. "बरोबरीनं होतीस."

वृषालीनं मान हलवली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

म्हणून सांगतो पोरांनो, अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. तुम्ही भुताला घाबरत नाही, ठाऊक आहे मला. पण चकवा भूत होऊन येतच नाही. ज्याच्यासाठी तुमचा जीव तुटतो, त्याच्या आवाजात हाक मारतो. आणि तशा हाकेला मातीत बसून राहणं प्रत्येकाला जमेल, असं मला वाटत नाही. मला तरी जमणार नाही. उठा आता, घराकडं जाताना गावातल्या रस्त्यानंच जा.