भांड्यांच्या मशीनची दृष्ट

हसू नका, पण इंजिनियर असून मी ह्यात फसलोय. शहापुरातल्या आमच्या घरी भांडी धुवायचं मशीन आणलं. गल्लीतल्या बायका बघून गेल्या आणि आईनं लगेच लिंबू-मिरची आणली. मशीनला खिळा कुठं मारणार? म्हणून दोऱ्याची गाठ दाराच्या फटीतनं आत घातली आणि दार लावलं. लिंबू बाहेर लोंबकळतंय.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तळं साचलं.

आई म्हणाली, "बघ, दृष्ट किती जबर हाय!" आणि तिनं दुसरं लिंबू अडकवलं. पाणी आणखी वाढलं.

बायको म्हणाली, "रविवारपर्यंत दुरुस्त करा, न्हायतर मशीन परत द्या आणि भांडी तुम्ही घासा."

मी जाळी साफ केली, पाइप बदलला, दाराचं रबर नवीन घातलं. दर वेळी दोन्ही लिंबं काढून दार उघडायचो आणि लावताना परत जशीच्या तशी अडकवायचो. आईचं मन कशाला दुखवा?

शेवटी कॅम्पातला मेकॅनिक बोलावला. त्यानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि आईला म्हणाला, "मावशी, दृष्ट मागनं येतीय. लिंबं मागच्या पाइपला बांधा."

दोरे निघाले, दार घट्ट बसलं, पाणी बंद.

आईनं त्याला चहा दिला, वर शिरा दिला. तो गेल्यावर मला म्हणाली, "इतका शिकलास, आणि दृष्ट कुठनं येतीय तेवढं कळालं न्हाय व्हय रं?"