पाणी पिणारं पेट्रोल

मी मूळची पिशोरची, कन्नड तालुक्यातली. ताई, तुम्ही म्हणले पहिल्यापासून सांगा म्हणून सांगते, नायतर आमच्या पहिल्याचं काय, आई लोकाच्या रानात खुरपायला, बाप बाजारात हमाल, पण बापाचा एक हट्ट, की काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करायची नाय, पोरीनं तर नायच नाय. मी बारावी झाले, मग पडेगावला दिलं. नवरा वाळूजला कंपनीत होता, मशीनमध्ये त्याचा हात गेला, तवा मी घराबाहेर पडले, आणि दौलताबाद रोडच्या ह्या पंपावर लागले. आठ वर्षं झाली. सगळे गडी, मी एकटी बाई.

पहिले लोक फक्त मीटरवरचा झिरो बघायचे. मी म्हणायची झिरो बघा, ते बघायचे, निघून जायचे. पण पेट्रोलात हे एथनॉल वाढलं तसं रोज कुणी ना कुणी मलाच धरायचं. बाई, ॲव्हरेज कमी झालं. बाई, गाडी सकाळी किक घेत नाय, रबराची नळी कुजली म्हणतो मेकॅनिक, हे पेट्रोल देता का उसाचा रस देता. आता ते काय मी घरी बनवते का? आणि तिकडं पिशोरला माझा भाऊ, त्याचं उलटंच. तो मका करतो. पहिले कोंबडीच्या खाद्यावाले म्हणतील तो भाव, आता एथनॉलच्या कारखान्याची गाडी बी मका घ्यायला येती, म्हणून दोघांत ओढाताण, म्हणून भाव बरा. तो फोनवर हसायचा, म्हणायचा, अगं तू नोझलातून माझाच मका सोडायलीस लोकांच्या गाडीत. बाहेरच्या देशाचं तेल तेवढंच कमी लागतं, हे बी तोच सांगायचा. मी म्हणायची, दादा, तू इथं एक दिवस उभा राहा, मग सांग.

तर त्या दिवसाचं सांगते. भादव्यातला पाऊस, आदला दिवसभर धरून पडलेला. सकाळी सहाला आले तर पंपाच्या आवारात पाणी, आणि जमिनीखालच्या टाकीचं जे झाकण असतं, त्याचा खड्डा पार भरलेला. काय सांगू तुम्हाला, साध्या पेट्रोलात पाणी गेलं तर ते खाली बसतं, काठी बुडवली की लगेच कळतं. पण एथनॉल पाणी पितं. आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं, पहिले ते गपचूप पितं, काहीच दिसत नाय, आणि पोट भरलं की पाणी आन एथनॉल दोन्ही मिळून पेट्रोल सोडून तळाला जातात, आणि पंप वढतो तळाकडूनच. म्हणून काठीला लावायची पेस्ट, पाणी लागलं की रंग बदलते ती, ती बी ह्या पेट्रोलाची वेगळी येती. ती आमच्याकडं संपलेली. मी दोनदा मॅनेजरला बोलले होते.

त्या सकाळी तिसऱ्यांदा बोलले. सर, खड्ड्यात पाणी हाय, नवी पेस्ट नाय, थोडं थांबू. ते म्हणले, रांग लागली बाहेर, जुनी लाव आन बघ. मी जुनी, साध्या पेट्रोलाची लावली, काठी सोडली, वर काढली. रंग बदलला नाय. ते म्हणले, बघ, काय नाय, कर रजिस्टरवर सही. आणि मी केली, ताई. मला माहीत होतं ती पेस्ट ह्या पेट्रोलला खरं बोलत नाय, तरी केली.

नऊच्या सुमाराला सकाळी आमच्याकडंच भरलेली पहिली गाडी ढकलत आली. मग दुसरी, मग एक स्कूटी. मग सलीमभाई आला. रिक्षावाला, रोजचा, मला आपा म्हणायचा. रिक्षा ढकलून आणली, अंग घामानं भिजलेलं, आणि आवाज चढवलाच नाय त्यानं, हळू बोलला, त्याचीच मला जास्त भीती वाटली. बोलला, आपा, छावनी के पुल पे बंद पडी गाडी, अंदर औरत थी, पूरे दिन की, घाटी अस्पताल लेके जा रहा था. मी म्हणलं, कुठंय ती. बोलला, दूसरी रिक्षा में बिठाया, आधा घंटा सड़क पे तड़पी वो.

तोवर तीस-चाळीस माणसं जमली. कुणी शूटिंग करायला लागलं, कुणी नोझल हिसकलं. मॅनेजरनं मला केबिनमागं घेतलं आन म्हणले, सांग की गाड्या जुन्या हायेत, एथनॉल सोसत नाय त्यांना. लोक तसंच समजायलेत, मोबाईलवर रोज तेच बघतात, तुझं ऐकतील. मला ते पटेना. एथनॉलचा गुण हाय पाणी प्यायचा, मी कबूल करते, पण पाणी पाजलं कुणी? आम्ही. माझ्या भावाच्या मक्यानं नाय.

मी काचेचं मापाचं भांडं घेतलं, सगळ्यांसमोर नोझलातून भरलं, आणि ओट्यावर ठेवलं. म्हणलं, दोन मिनिटं कुणी हात लावू नका. ती दोन मिनिटं कशी गेली ते मलाच माहीत. एक जण दगड घेऊन उभा होता. मग वर पिवळसर पेट्रोल आन खाली गढूळ थर, बोटभर, स्पष्ट. मी म्हणलं, टाकीत पाणी गेलंय, आमच्या पंपाची चूक हाय, सकाळी मी तपासलं आन सही बी माझीच हाय. कुणी गाडी चालू करू नका, टाक्या रिकाम्या करून देऊ. दगडवाला मॅनेजरच्या केबिनकडं गेला, काच फुटली, पण माझ्या अंगाला कुणी हात लावला नाय.

दुपारी तेल कंपनीचा अधिकारी आला, टाकीला सील लावलं. मॅनेजर म्हणले, हिनंच पेस्ट बघितली, मला काय माहीत. मी म्हणलं, व्हय, मी बघितली, आणि पेस्ट संपली हे तीनदा सांगितलं ते बी खरं. मला घरी बसवलं. नवरा म्हणला, सही केलीस तिथं चुकलीस, बोललीस तिथं नाय. संध्याकाळी मी घाटीत गेले, वॉर्डात विचारत विचारत. ती बाई सापडली. पोरगी झालेली, दोघी बऱ्या होत्या. मी कोण ते तिला सांगायला तोंड उघडलं, आणि नाय सांगितलं. तेवढं धाडस नाय झालं माझ्याच्यानं.

दोन महिन्यांनी मालकानं परत बोलावलं. मॅनेजर नवा हाय. झाकणाचं रबर बदललं, पेस्ट आता कपाटात जास्तीची असती, आणि ती नसली तर मी नोझल उचलत नाय, मग रांग कुठवर बी जाऊ द्या. लोक अजून विचारतात, एथनॉल चांगलं का वाईट. मी सांगते, ॲव्हरेज थोडं कमी देणार, जुन्या गाडीच्या नळ्या बदलून घ्या, गाडी महिना महिना उभी ठेवू नका, टाकीचं झाकण घट्ट लावा. आणि शेतकऱ्याच्या घरात चार दाणे जास्त येतात, ते बी खरंच हाय. दोन्ही खरं हाय, मी काय करू.

सलीमभाई मात्र आमच्या पंपावर येत नाय. समोरच्या रोडनं जातो, मी हात करते, तो सरळ बघत निघून जातो. त्याचं बरोबर हाय. त्याच्या गाडीला बरकत राहो, त्याची सवारी नीट पोहोचो, एवढंच म्हणते मी, आन पुढच्या गाडीला झिरो दाखवते.