प्रकाशयोजना पूरक

मुलगी : ‘पूरक’ म्हणजे काय हो, बाबा?

समीक्षक : कसलं पूरक? अशी डोक्यावर उभी राहू नकोस. तासाभरात हे परीक्षण पेपरात पोचायला हवं.

मुलगी : शेवटची ओळ बघा. ‘नेपथ्य समर्पक, संगीत साजेसं, प्रकाशयोजना पूरक.’ दिवे मी केलेत त्या नाटकाचे.

समीक्षक : मग? पूरक म्हणजे चांगलंच की.

मुलगी : मागे त्या राजाच्या नाटकात अर्धे दिवे गेले होते. राजा चाचपडत सिंहासन शोधत होता. त्यालाही तुम्ही पूरकच लिहिलंत.

समीक्षक : त्यातून राजाचा एकाकीपणा...

मुलगी : राजा विदूषकाच्या मांडीवर बसला, बाबा!

समीक्षक : (हसू दाबत) बसला खरा.

मुलगी : पुढच्या नाटकाचे दिवे मला द्यायचे की दुसऱ्या कुणाला, हे आमचे दिग्दर्शक उद्या तुमचं वाचून ठरवणार. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही, तुमच्यावर आहे.

समीक्षक : जाणकार माणूस.

मुलगी : आणि यात माझं नावसुद्धा नाही.

समीक्षक : कसं घालू? लोक म्हणतील, बाप पेपरात बसून लेकीचा ढोल बडवतोय.

मुलगी : नका बडवू. वाईट वाटलं तर वाईट लिहा. पण बघितलं होतंत ना? की डुलकी काढलीत?

समीक्षक : डुलकी? मी? अगं, शेवटी ती म्हातारी एकटी बसलीय आणि खिडकीतून उजाडतंय. उजेड आधी नुसता भांड्याच्या कडेवर. मग तिच्या बोटांवर. चेहऱ्यावर काही येईना! मी मनात म्हणतोय, बाई गं, आता तरी येऊ दे. आणि तेवढ्यात तू पडदा पाडलास.

मुलगी : पडदा मी नाही पाडत.

समीक्षक : तेच ते. देवापुढे बसावं तसा बसलो होतो. शेजारचा खोकला, तर त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा उठून बाहेरच गेला.

मुलगी : मग इथे म्हातारीचा ‘डोळ्यांतून बोलणारा अभिनय’ कुठून आला? डोळे तर अंधारात होते.

समीक्षक : होते?

मुलगी : बाबा! तुम्ही तिच्याकडे बघितलंच नाहीत.

समीक्षक : तू बघू दिलंस कुठे? सगळा वेळ त्या उजेडाच्या मागे धावत होतो. हळू बोल जरा.

मुलगी : मग तेच लिहा ना.

समीक्षक : जागा कुठाय? उजेड घालायचा तर काहीतरी कापावं लागेल.

मुलगी : डोळे कापा.

समीक्षक : हं. कापले. असं करतो, तुझं नुसतं नाव घालतो आणि आडनाव गाळतो. म्हणजे कुणी बोलायला नको.

मुलगी : बोलू देत. आडनावासकट घाला, बाबा.