पाटावरचे तीन बॅकअप

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. माझ्याच नंबरवर लावलायस ना?… अरे, हळू बोल. काय उडालं?… गोदामाचा सगळा डेटा?

मग तुझ्या तीन कॉपी होत्या ना, प्रितेश? एक पूर्णा गावातल्या ऑफिसात, एक घरी, एक राहनाळच्या गोदामात. ठाण्याला सेमिनारला जाऊन आलास, बॅकअपचा प्लॅन लॅमिनेट करून भिंतीवर लावलास… हो, हो, ऐकतेय… तिन्ही एकदम कशा जातील?

पूजेला?… काल दसऱ्याला तिन्ही डिस्क एकाच पाटावर मांडल्यास?… आणि नारळ कोणी फोडला?… तूच. पाणी कुठं गेलं ते सांगू नकोस, कळलं.

नाही, हसत नाहीये… बरं, थोडं हसले. जुना कॉम्प्युटर?… भंगारात. मुहूर्तावर नवा आणलास म्हणून. नव्यात काय आहे मग?… वॉलपेपर. छान.

बाबांना जाऊन दोन महिने झालेत. आईने दाराला तोरणसुद्धा लावलं नाही. गोदामाला सण चालतो वाटतं?… भांडत नाहीये. विचारतेय.

दारात ट्रक?… कुणाचा माल?… डायलिसिसचं सामान? आज संध्याकाळी हॉस्पिटलला पोचायला हवं?… अरे देवा. खोक्यांवर नुसते नंबर, आणि खोकी अकरा हजार… कधी ठेवलेलं?… जुलैत. म्हणजे बाबा होते.

आहे… हो, माझ्याकडे आहे. दर रविवारी बाबा द्यायचे ना मला डिस्क. एक कॉपी नारपोलीला तुझ्या घरी, दुसऱ्या छपराखाली राहू दे म्हणायचे. तू काय म्हणायचास? ‘ताईचा खाऊ’… असू दे आता.

यादी नाही रे त्यात. टायपिंग कुठं यायचं त्यांना? कुठला माल कुठं ठेवला ते बोलून रेकॉर्ड करून ठेवायचे… नाही. अजून एकदाही लावली नाही… नाही झालं माझ्याच्याने. तू ये आणि घेऊन जा… तेवढा वेळ नाही?

बरं. थांब. फोन स्पीकरजवळ धरते. तारीख सांग… बारा जुलै. थांब जरा… लावतेय.

…

आलं ऐकू?… प्रितेश?… हॅलो? अरे, चौथी रांग, वरचा माळा, खांबाच्या मागं. मिळेल… नाही, फोन खरखरत नाहीये. खोकले ते.

परत?… कळलं ना कुठं आहे?… बरं. एकदाच.

…

आता जा. ड्रायव्हर खोळंबलाय… डिस्क? अजिबात नाही. संध्याकाळी इथं येऊन कॉपी करून घे. आणि त्या भिंतीवरच्या प्लॅनमध्ये लिही, नारळ उंबऱ्याबाहेर फोडायचा… हो, लॅमिनेटवर पेन चालत नाही, माहितीये मला. चिकटव काहीतरी.

नाही रे, रडत नाहीये. तू नाक पूस तुझं आणि माळ्यावर चढ… मी? मी बसलेय इथंच. तेरा जुलै लावतेय. ठेव.