पिवळ्या हाताचा वसा

हं, बसा, बसा! मागची मंडळी पुढं सरका, पुढं काही वाघ बसलेला नाही. माईकवाले दादा, ती किरकिर जरा बंद करा! देवाला सगळं ऐकू येतं, मलाच येत नाही. हां… आता हात जोडा, डोळे मिटा आणि एकदा मनापासून त्याचं नाव घ्या. घेतलं? बरं. आता डोळे उघडा. पुढचं उघड्या डोळ्यांनी ऐकायचं आहे.

मला एक सांगा. लहानपणी भर दुपारी लोकांच्या दारावर थाप मारून पळालाय का कुणी? हसू नका! सगळे पळालेत! हे पेटीवाले काका तर अजून पळत असतील! थाप मारली, आतली म्हातारी उठली, गुडघे धरत, भिंत धरत दारापर्यंत आली, कडी काढली… आणि दारात कुणीच नाही! मंडळी, तुम्ही तिच्या दारी गेला होतात हे खरं. पण तुम्ही तिला भेटलात का? दुसऱ्याच्या दुखण्याची नुसती आठवण करून दिली आणि आपण आपल्या वाटेनं निघून गेलो, तर पुण्य लागतं का? पूर्वरंगात यावर आपण पुष्कळ घासाघीस केली. आता आख्यान ऐका.

वसमतच्या पलीकडं हळदीचा मुलूख आहे. गावाचं नाव सांगणार नाही, त्या गावच्या लेकी तुमच्यात दिल्यात, उद्या माझ्या नावानं बोटं मोडतील! तिथं माघ-फाल्गुनात काढणी झाली की गावभर हळद शिजते. वाफ अशी की समोरचा माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. अंगणं पिवळी, वाटा पिवळ्या, बायकांचे हात तर मनगटापर्यंत पिवळे.

त्या गावात पाटलांची धाकटी सून, मयूरी. परभणीची, शिकलेली, हुशार पोर. मनानं चांगली, पण हातातला मोबाईल म्हणजे सहावं बोट! बायकांचा ग्रुप तिनंच काढलेला. एक दिवस तिच्या मोबाईलवर खेळ आला. आजकाल येतात ना? आज सगळ्यांनी काळा फोटो टाका, उद्या नुसतं बदाम टाका! तसा हा पिवळा हात. हळदीचा हात दाराच्या चौकटीवर उमटवायचा, फोटो काढायचा, स्टेटसला ठेवायचा. कशासाठी ते पुरुषांना सांगायचं नाही! आणि पुढं पाच मैत्रिणींना पाठवायचं.

आणि कशासाठी होतं ते? बायकांच्या स्तनाच्या कर्करोगासाठी. जागृती म्हणून.

काय झालं? माना खाली का गेल्या? मी बोललो — स्तनाचा कर्करोग! मांडव कोसळला का? नाही ना! तो कोपऱ्यातला हसतोय, त्याला विचारा, तू काय दगडाचं दूध पिऊन वाढलास का रे?

तर मूळ निरोपात शेवटी एक ओळ होती. महिन्यातून एकदा आपल्या हातानं आपली छाती चाचपून बघा, गाठ लागली तर दुखो न दुखो, लगेच डॉक्टरीणबाईंकडं जा. मयूरीनं ती वाचली आणि लाजली. ग्रुपवर चुलतसासू, मामेसासू! असलं कसं टाकायचं? तिनं ती ओळ काढून टाकली. उरला नुसता हात.

आणि गावात काय उडाली हो धमाल! दारोदार पिवळे हात! पुरुष डोकी खाजवतायत. एक म्हणाला, "हळदीचा भाव वाढणार बघ, बायकांना आधी कळलंय!" दुसरा म्हणाला, "भाव कसला, कुणाचं तरी लग्न ठरलंय!" बायका पदरात तोंड खुपसून हसतायत. फोटोंवर बदामाचा पाऊस. सगळे खूश!

आता बघा, इथंच घात झाला. आपल्या बायकांना हळद दिली, पाच जणींना सांगायला सांगितलं आणि वर तोंड बंद ठेवायला सांगितलं, तर त्याला त्या काय म्हणतील? खेळ? छे! वसा! मैत्रिणींच्या झाल्या सवाष्णी, गुपिताचं झालं मौन. उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. आणि बोललं की मोडला!

त्या गावात गिरजा नावाची एक बाई. नवरा दिगंबर, साधा, हळदीच्या कढईवर राबणारा. मूलबाळ नाही. सासू होती, सोजरबाई, ती वारली. गिरजाच्या डाव्या छातीत गाठ होती. वाळल्या हळकुंडासारखी टणक. दुखत नव्हती, म्हणून ती गप्प होती. काढणी होऊ दे, शिजवण होऊ दे, मग बघू… असं म्हणत पदर ओढून घ्यायची. तिच्या मोबाईलवर हा निरोप आला. कुणीतरी कानात सांगितलं, "छातीच्या रोगासाठी हाय म्हणं." गिरजानं दोन्ही हात कपाळाला लावले. देवानंच धाडला! आंघोळ करून, उपाशीपोटी तिनं चौकटीवर हात उमटवला आणि मनात म्हणाली, "आई, वसा घेतला. आता माझी गाठ तुझ्यावर."

मंडळी, दवाखान्यात जायचं पाऊल त्या दिवशी दारातच थांबलं!

चार दिवसांत उन्हानं गावातले हात फिके पडले. हळदीचा रंग उन्हात टिकतो का? नाही टिकत. गिरजाच्या दारावरचा मात्र टवटवीत! जसा आत्ताच उमटवलाय. "वसा पावला," गिरजा म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी माजघराच्या दारावर हात. ओला. पिवळा.

गिरजानं उमटवला नव्हता! दिगंबरला विचारलं. तो म्हणाला, "मला काय काम न्हाई का? तूच लावला असशील." तिनं फडकं घेऊन पुसला. फडकं पिवळं झालं, हात तसाच. पुन्हा पुसला. फडक्यातून पिवळं पाणी टपकतंय आणि दारावर हात तसाच! दुसऱ्या दिवशी देवघराच्या कोनाड्याजवळ. मग चुलीमागं. मग पाण्याच्या रांजणावर. बघा हं, बाहेरून आत, आत, आत… कोण येतंय? आणि कुणाकडं येतंय?

रांजणावरच्या हातावर तिनं आपला हात ठेवून बघितला. तो मोठा होता. रुंद होता. आणि त्याची करंगळी पेरातून तुटलेली होती.

तसली करंगळी गावात एकाच बाईची होती. कडबा कापायच्या यंत्रात गेलेली. तिची सासू, सोजरबाई!

आता सोजरबाई कशानं गेली ते सांगतो. गावाला सांगितलं होतं, तापानं गेली. खोटं! तिच्याही छातीत गाठ होती. ती फुटली, चिघळली, घराला वास यायला लागला, तेव्हा गिरजाला कळलं. जखम धुणारी गिरजा, चिंध्या जाळणारी गिरजा. आणि सासूनं तिचा हात घट्ट धरून शपथ घातली. "गिरजे, कुणाला सांगू नगं. दिग्याला बी नगं. लोक म्हणतील, कोणतं पाप केलं हुतं म्हातारीनं. तुला माझ्या गळ्याची आण हाय." गिरजानं ती आण पाळली. सासू वाफेसारखी विरून गेली, पण आण राहिली.

आता तिला वाटलं, सासू न्यायला आली. मी काही चुकले का? वसा मोडला का? म्हणून ती आणखीच गप्प झाली! मंडळी, भ्यालेलं माणूस काय करतं? ज्यानं बुडतंय तेच आणखी घट्ट धरतं.

एका दुपारी अंगणात हळद वाळत घातली होती. ऊन रणरणतंय, कावळासुद्धा ओरडत नाही. गिरजा ओट्यावर टेकली, जरा डोळा लागला. डाव्या बाजूला गार वाटलं म्हणून जागी झाली. पदर बाजूला केला. चोळीवर, डाव्या अंगाला, गाठीच्या नेमका वर… पिवळा हात. चार बोटं आणि एक अर्धं!

अंगणात कुणी नव्हतं. पसरलेल्या हळदीवर एकही पाऊल नव्हतं. आणि कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "सांग गं."

गिरजा किंचाळलीसुद्धा नाही. तिनं चोळी बदलली आणि शेणानं ओटा सारवायला घेतला. बायकांची ताकद म्हणतात ना, ती ही! माझा राग आहे या ताकदीवर! स्पष्ट सांगतो, राग आहे!

इकडं मयूरीनं ठरवलं, पिवळ्या हाताचा समारंभ करायचा. देवळाच्या सभामंडपात, दिवसाढवळ्या, पांढरा पडदा लावायचा, सगळ्यांचे फोटो दाखवायचे, उत्तम हाताला बक्षीस. बायका नटूनथटून आल्या. गिरजाही आली, वशाचं उद्यापन समजून, खणानारळाची ओटी घेऊन! एकेक फोटो येतोय, टाळ्या पडतायत, टवाळी चाललीय. "अगं, हा हात हाय का सुपडं!"

गिरजाचा फोटो आला.

मयूरी हसत म्हणाली, "काकू, तुम्ही दोन हात का उमटवलेत? हा दुसरा कुणाचा?"

पडद्यावर दोन हात होते. एक गिरजाचा. त्याच्या शेजारी रुंद, मोठा…

"दिगंबरचा आसंल!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. पण पुढं बसलेली एक म्हातारी हसली नाही. सोजरबाईच्या बरोबरीची, तिच्याबरोबर खुरपायला जाणारी. ती खांब धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बाई… ही तर सोजरीची करंगळी!"

सभामंडप गार पडला. मयूरी पडद्याजवळून उतरली, गिरजासमोर बसली. तिचं हसू पळालं होतं. तिनं पुन्हा विचारलं, पण आता हळू, "काकू, काय झालंय तुम्हाला?"

बघा, इतक्या दिवसांत, इतके बदाम, इतक्या टाळ्या… आणि हा प्रश्न पहिल्यांदा आला!

गिरजानं ओटी छातीशी घट्ट धरली. मग तिच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला. मागं तर कोणी बसलेलं नव्हतं. आणि बांध फुटला. "सासूला गाठ हुती. म्या कुणाला सांगितलं न्हाई. आन् आता मला बी हाय. मला मरायचं न्हाई गं, मयूरी! मला जगायचंय!"

बायका रडल्या. मयूरीनं तिथंच मोबाईल काढला, जुना निरोप शोधला आणि कापलेली ओळ मोठ्यानं वाचली. चुलतसासूसमोर, मामेसासूसमोर! "ही ओळ मी काढली, काकू. मला लाज वाटली. माझी लाज तुमच्या जिवावर आली." मग सगळ्यांनी पडद्याकडं बघितलं. पडद्यावर एकच हात होता, गिरजाचा. पुष्कळांनी आपापल्या मोबाईलवर तो फोटो शोधला. एकच हात.

दुसऱ्या दिवशी दिगंबर आणि मयूरी तिला नांदेडला घेऊन गेले. दिगंबर गाडीत एकच वाक्य बोलला, "आईचं बी मला सांगितलं न्हाईस?" आणि पुढं सगळा रस्ता डोळे पुसत राहिला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. मयूरीनं कौतुकानं त्यांना गावातल्या हातांचे फोटो दाखवले. बाईंनी शांतपणे विचारलं, "एवढ्या दारांवर हात उमटले. तपासायला किती जणी आल्या?"

मयूरी म्हणाली, "एकच. आणि तिलाही माझ्या हातानं नाही आणलं. मेलेल्या सासूला यावं लागलं."

शस्त्रक्रिया झाली. केस गेले, केस आले. गिरजा आज आहे! मी तिच्या हातचा चहा प्यालोय. पुढच्या वर्षी त्या गावात पिवळा हात पुन्हा उमटला, हो! मयूरी बंद करणार होती, गिरजानंच करू दिलं नाही. म्हणाली, "खेळ वाईट न्हाई. तो फोटो नसता तर तू इचारलं नसतंस. पण नेम बदल." आता तिथला नेम असा आहे — हात आधी स्वतःला लावायचा, मग दाराला. आणि ज्या दाराला लावला, त्या घरात जाऊन बसायचं, विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही! तिथल्या कुठल्याच दारावरचा हात आता उन्हाला टिकत नाही. फिका पडतो, पुसला जातो. बरंच आहे.

तर मंडळी, थाप मारणं वाईट नाही. पळणं वाईट! तुमच्यातले कितीजण आत्ता मला मोबाईलवर टिपतायत, मला दिसतंय. उद्या टाकाल, "डोळ्यांत पाणी आलं" असं लिहाल, पुढं पाच जणांना धाडाल. टाका! पण घरच्या बाईला विचाराल का? आईला? वहिनीला? की बदाम देऊन पळाल?

पेटीवाले काका, थांबा जरा. मृदंग थांबवा.

मघाशी मी आलो तेव्हा बायकांच्या बाजूच्या त्या तिसऱ्या खांबाला माळ अडकवली. माझ्या हातानं. खांब नुकता चुन्यानं रंगवलेला, पांढरा स्वच्छ होता. आता त्याच्यावर एक पिवळा हात आहे.

वळू नका! सगळ्यांनी एकदम वळून बघू नका, म्हटलं ना! करंगळी आखूड आहे, मला इथून दिसतेय. कुणासाठी उमटलाय ते मला ठाऊक नाही. जिला ठाऊक आहे, तिनं आत्ताच पदर सारखा केला. तिच्या शेजारी बसलेल्या माझ्या माउली, तो मोबाईल खाली ठेव. तिचा हात हातात घे. आरतीचं तबक थांबेल, देव थांबेल, तो काही थाप मारून पळणारा नाही.

विचार तिला, बाई. आम्ही सगळे थांबलोय.