पाण्याचं दुसरं पिंप

मंडळी, एक प्रश्न विचारते. प्रसाद खारट झाला, तर सांगावं का?

नुसत्या माना हलवू नका. पेटीवाले जयवंतराव, तुम्ही तर मुळीच नको. तुमच्याकडे आपण येणारच आहोत.

आपली एक रीत आहे, प्रसादाला नावं ठेवायची नाहीत. दुसरी रीत, देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काही चाखायचं नाही. मग आमटीत मीठ बरोबर पडलं, हे कळणार कसं? नाकाने! माझी आई, मनोरमाबाई, या दत्तमंदिरात एकतीस वर्षं गुरुवारची आमटी करायची. उकळीवर वाकून वास घ्यायची आणि मीठ टाकायची. कधी चुकली नाही.

गेल्या माघात तिला ताप आला. ताप उतरला, पण नाकाला वास आणि तोंडाला चव कळेनाशी झाली, ती कायमचीच. तिने हे कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. मलासुद्धा नाही; माझं मला उमगलं, तेही उशिरा.

आमटी खारट व्हायला लागली. थोडीथोडकी नाही हो — पंगत उठायच्या आत पिंपातलं पाणी संपायचं! मग मंदिरात सभा बसली. गंभीर चर्चा झाली. आणि एकमताने काय ठरलं? मनोरमाबाईंना सांगायचं? छे! पाण्याचं दुसरं पिंप बसवायचं. सूचना जयवंतरावांची. अनुमोदन माझं.

वैशाखात एका संध्याकाळी आई म्हणाली, सिनेमाला जाऊ. वीस वर्षांत थिएटरात पाऊल न टाकलेली बाई! तालुक्याला एका आचाऱ्याचा सिनेमा लागला होता, शेजारणीने तिला सांगितलं होतं. उन्हं उतरल्यावर एसटीने गेलो.

पडद्यावरचा आचारी दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालत होता. मला वाटलं, उष्टं उष्टं म्हणत आई आता उठते. उठली नाही. पुढे एक गिऱ्हाईक ताट परत पाठवतं. आचारी चिडतो, भांडी आपटतो, मग स्वतः चाखतो आणि निमूटपणे पुन्हा फोडणी टाकतो. आई खुर्चीच्या कडेला येऊन बघत होती.

मध्यंतरात मी पॉपकॉर्न आणले. ते मांडीवर तसेच ठेवून तिने विचारलं, "माझी आमटी हल्ली खारट होते का गं?"

"नाही गं आई. छान असते."

तिने एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"आणि हे? हे खारट आहेत?"

"हो, फारच."

"हे बरं कळतं तुला," ती म्हणाली.

तेवढ्यात दिवे मालवले, सिनेमा पुढे सुरू झाला. मला सुटल्यासारखं वाटलं, मंडळी. खोटं कशाला बोलू?

पुढच्या गुरुवारी आई पंगतीत फिरली नाही. दुसऱ्या पिंपाशी जाऊन उभी राहिली. लोक येत होते, तांब्याने पाणी पीत होते आणि तिला सांगत होते, आमटी काय फक्कड झाली होती हो. जयवंतराव तीनदा आले. तिन्ही वेळा त्यांनी स्तुती केली.

शुक्रवारी तिने मंदिराच्या स्वयंपाकघराची किल्ली परत दिली. आता हात चालत नाहीत, म्हणाली. हात ठणठणीत होते. श्रावणात ती गेली.

मीठ अर्धी मूठ कमी घाल — एवढंच सांगायचं होतं. ती चिडली असती, भांडी आपटली असती, दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. आणि गुरुवारी पुन्हा चुलीपाशी उभी राहिली असती. आपण सगळे मिळून तिचा मान राखत बसलो.

आजची आमटी मी केली आहे. चाखलेली नाही. तिच्यासारखं नाक मला नाही. आरती झाली की पोटभर जेवा, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी या. मी तिथे उभी असेन. कशी झाली ते तोंडावर सांगायचं. पहिले जयवंतराव.

आणि दुसरं पिंप शोधू नका. ते मी सकाळीच हलवलं आहे.