चार साध्या सायकली

धारूरच्या सायकल दुकानात मी पंक्चर निघायची वाट बघत होतो. तेवढ्यात एक म्हातारी आली.

"दुरुस्तीला टाकलेली सायकल न्यायला आले, बाबा."

"बॅटरीची का साधी, मावशी?"

"साधी कावून म्हणायलास? घाटातून डबलसीट माहेरी न्यायची मला."

"बॅटरी नसली की साधीच म्हणतेत आता. तसल्या चार हायत. चिठ्ठीवर नाव कुणाचं हाय?"

"आमच्या मालकाचं."

"मग सांगा की."

"मी कसं घेऊ त्यांचं नाव?"

"मग त्यांनाच पाठवा."

"ते गेले, लेकरा. महिना झाला."

"आता कसं करायचं, मावशी? चारी सारख्याच दिसतेत."

"बघ बाबा, निवृत्ती लिव्हलंय का कुठं."